शेवटचा परिच्छेद

रविवारच्या पुरवणीत प्राध्यापकांनी आपला लेख शोधला, वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. लेख संपत नव्हता. तो नुसताच थांबत होता. चारांपैकी तीन परिच्छेद छापले होते. चौथ्याच्या जागी नव्या गादीवर लोळणारे एक सुखी कुटुंब वाचकांकडे पाहून हसत होते.

चित्रपटशास्त्र शिकवण्यात हयात घालवल्यावर प्राध्यापकांनी हे सदर सुरू केले होते. लोकांच्या नजरेतून निसटलेले जुने चित्रपट सुचवायचे, आणि लोकांनी ते याही खेपेस पाहायचे नाहीत, असा त्यांचा आणि वाचकांचा वर्षानुवर्षांचा अलिखित करार होता. आपले मत पहिल्याच वाक्यात ओकून टाकणे प्राध्यापकांना असंस्कृतपणाचे वाटे. आधी नावडत्या चित्रपटाला शालजोडीतले देत पाटावर बसवायचे आणि शेवटच्या परिच्छेदात पाट काढून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. या वेळी पाटावर होता ‘अश्रूंची शिडी’: दुहेरी भूमिकेतला नायक, आंधळी आई, आणि मध्यंतराआधी मरून मध्यंतरानंतर कोणत्याही खुलाशाविना दौडणारा घोडा. त्या चित्रपटाने ज्या वर्षी गर्दी खेचली त्याच वर्षी ‘तिसऱ्या फलाटावरचा दिवा’ कुणी न पाहताच उतरला. तो पाहा, असे चौथा परिच्छेद सांगत होता. तो परिच्छेद आता गादीखाली होता.

“जाहिरात अगदी ऐन वेळी आली, सर,” पुरवणीची संपादिका फोनवर म्हणाली. “जागा कमी पडली की आम्ही खालून कापतो. सगळ्यांचंच कापतो.”

“पण माझं म्हणणंच खाली होतं!”

“मग ते वर ठेवायचं ना, सर. आणि खरं सांगू? असाच छान झालाय. तुम्हालाही काहीतरी आवडतं, हे पहिल्यांदाच कळलं.”

प्राध्यापकांनी फोन ठेवला. रागवायलाही एक तरुणपण लागते, ते त्यांच्यापाशी शिल्लक नव्हते. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला, आणि खरा घोटाळा समोर आला.

गावातल्या एकुलत्या जुन्या चित्रपटगृहाचा मालक हा त्यांचा एके काळचा विद्यार्थी. कबुतरांना कंटाळून तो इमारत गोदामवाल्याला द्यायला निघाला होता. प्राध्यापकांनी त्याच्याकडून एक शब्द मिळवला होता: सदरात सुचवलेला एक चित्रपट तो एका सकाळी दाखवील, गर्दी झाली तर दर महिन्याला एक, नाही तर कुलूप. ‘दिवा’ पुन्हा मोठ्या पडद्यावर, माणसांनी भरलेल्या अंधारात पाहायचा, एवढी एकच इच्छा प्राध्यापकांनी आयुष्यभर जपली होती. मात्र चित्रपटाचे नाव मालकाने विचारले तेव्हा ते उत्तरले होते, “लेखात कळेलच.”

“सर, ‘शिडी’च्या रिळांचे डबे मागवलेसुद्धा!” मालक आता ओरडत होता. “फोन थांबत नाहीयेत तिकीटखिडकीवर. सगळे घोड्याचंच विचारतायत!”

“अरे, पण तो—”

“ठेवतो सर, दुसरा फोन येतोय.”

शेजारी मटार सोलत बसलेल्या पत्नीने विचारले, “काय झालं?”

प्राध्यापकांनी सांगितले; पार्श्वभूमीसकट सांगितल्यामुळे तोवर मटार संपले.

“मग लावा ना त्याला फोन. सांगा, चुकीचा आहे म्हणून.”

“नको. गर्दी होतेय तर होऊ दे. खेळाआधी मला दोन शब्द बोलायचे आहेतच. तिथे लोकांना खरं काय ते सांगेन. पुढच्या महिन्यात ते स्वतःहून ‘दिवा’ मागतील.”

“अहो, दोनच शब्द बोला मग,” पत्नी म्हणाली, आणि सालपटे उचलून आत गेली.

खेळाच्या सकाळी चित्रपटगृहावर ‘हाउसफुल्ल’चा फलक लागला, तो शोधून काढण्यातच मालकाचा आदला दिवस गेला होता. पहिल्या रांगेत एक वृद्धा बसली होती. तिच्या हातात प्राध्यापकांचा लेख होता, प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला.

“मी आंधळी आई,” ती उठत म्हणाली. “तेव्हा नायकापेक्षा मी लहान होते हो. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी एक ओळ लिहिली नव्हती. तुम्ही लिहिलंत, की हिचं अंधत्व इतकं अस्सल, की हिने पटकथाही पाहिली नसावी.”

प्राध्यापक पाकिटातल्या लेखाकडे पाहत म्हणाले, “ते... हो. लिहिलं.”

“खरंच नव्हती पाहिली! मला दिलीच नव्हती कुणी. तुम्ही कसं ओळखलंत?”

प्राध्यापक मंचावर चढले. ध्वनिक्षेपक हातात येताच सवय जिभेवर आली. त्यांनी आधी चित्रपटाच्या धाडसाचे कौतुक केले. मृत्यूलाही न जुमानणाऱ्या अश्वाचा गौरव केला. अशी निर्मिती पुन्हा होणे नाही, हे दिलासा मिळाल्याच्या सुरात सांगितले. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या. पहिल्या रांगेत ती वृद्धा डोळे टिपत होती. प्राध्यापकांनी तिच्यावरची नजर काढून घेतली, श्वास भरला आणि म्हणाले, “परंतु—”

दिवे गेले. ध्वनिक्षेपक मुका झाला. वरच्या खिडकीतून मालकाचा आवाज आला, “सर, उशीर होतोय, बसून घ्या!” पडद्यावर घोडा खिंकाळला आणि शिट्ट्यांचा पाऊस पडला.

वृद्धेच्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी राखलेली होती. घोडा मेला तेव्हा तिने त्यांचा हात घट्ट धरला. तो मध्यंतरानंतर परत दौडला तेव्हा प्रेक्षागृह उभे राहिले. लोक मूर्ख नव्हते, हे त्या अंधारात प्राध्यापकांच्या ध्यानात आले. घोडा का जिवंत झाला, हे विचारायची गरज त्यांना वाटत नव्हती, इतकेच. प्राध्यापकांनी हात सोडवून घेतला नाही. थोडे श्रमामुळे, थोडे इतर कारणांनी.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. “सर, कुलूप रद्द! दर महिन्याला एक, ठरलं! पुढचा कुठला? आत्ताच नाव द्या, डबे मागवायचेत.”

हाच तो क्षण. प्राध्यापक ताठ बसले. “हे बघ, त्यासाठी आधी त्या काळातल्या प्रेक्षकाची मानसिकता ध्यानात घ्यावी लागेल. युद्धोत्तर समाजात—”

“सर, आवाज तुटतोय...”

“‘तिसऱ्या फलाटावरचा दिवा’,” प्राध्यापकांच्या हातातून फोन काढून घेत पत्नी म्हणाली. “लिहून घ्या. हो, ‘दिवा’. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे नाव. आता मलाही बघायचाय तो एकदा.”

पलीकडून काहीतरी विचारले गेले. पत्नीने क्षणभर नवऱ्याकडे पाहिले. “घोडा? आहे ना.”

“अगं, घोडा नाहीये!” प्राध्यापक जवळजवळ किंचाळले. “एक म्हातारा दिवा लावतो आणि गाडी थांबत नाही. एवढंच आहे त्यात!”

पत्नीने शांतपणे फोन ठेवला.

“लोकांना काय सांगणार तू?”

“मी कशाला सांगू? शेवटी कळेलच त्यांना,” ती म्हणाली. “तुमचीच पद्धत आहे ना?”