अभ्र्यावरचा मोर

एका जंगलात एका सकाळी एक उशी कोरडी निघाली.

बालमित्रांनो, उशी कोरडी निघाली म्हणून कुणी घाबरतं का? टिटवी घाबरली. ती तशी पान पडलं तरी घाबरायची. पण या वेळी तिचं काही चुकलं नव्हतं, कारण ही उशी होडीची होती.

त्या जंगलात एक नदी होती, नदीला दगडी धक्का होता. होडी धक्क्याला लागताना फळ्या दगडावर आपटू नयेत म्हणून मध्ये काथ्याची जाड उशी सोडायची, अशी रीत होती. उशी भिजायची, मळायची, फाटायची. होडी शाबूत राहायची. होडी येताना दिसली की "उशी सोडाऽऽ!" असं ओरडायचं, हे टिटवीचं काम.

होड्या तरी किती तऱ्हेच्या! माकडाची होडी यंत्राची. होडीला ब्रेक नसतो, हे त्याला दर वेळी धक्का जवळ आल्यावरच आठवायचं. बगळ्याची होडी शिडाची. "आज वारा नाही हो, नाहीतर दाखवलं असतं," असं तो वादळातही म्हणायचा. आणि रेडेबुवांची दुमजली लाँच! ती नदीभर एक चक्कर मारायची आणि उरलेला दिवस धक्क्याला बांधलेली असायची. वरच्या मजल्यावर बुवा चहा पीत बसायचे.

टिटवीचंही एक इवलंसं होडकं होतं. जमिनीवर मुंगूस, वाळूत घोरपड, म्हणून तिने अंडी होडक्यातच घातली होती. चार. लाँच आणि धक्का यांच्यामध्ये उशीच्या जाडीएवढी फट राहायची. होडकं त्या फटीत नेमकं मावायचं.

आणि त्या सकाळी रेडेबुवांची उशी कोरडी! वर तिला अभ्रा! सुगरणकाकूंनी विणलेला, भरतकामाचा. पिसारा फुलवलेला मोर आणि खाली "सुस्वागतम्".

"बुवा, उशी वर का ओढून घेतलीत?" टिटवीने विचारलं.

"अगं, दगडाला घासेल ना!"

"घासायलाच असते ती!"

"ती आधीची. ही चांगली आहे."

झालं! आठ दिवसांत सगळ्यांच्या उशांना अभ्रे आले. माकडाच्या अभ्र्यावर वीज, बगळ्याच्या अभ्र्यावर मासोळी. धक्का जवळ आला की जो तो घाईघाईने आपली उशी आत ओढून घेई, छातीशी धरी आणि मग होडी दगडावर आपटे. खाड्! फळ्या तडकल्या, टवके उडाले, होड्यांना ठिगळं लागली. उशा मात्र नव्याकोऱ्या.

टिटवी ओरडून ओरडून दमली. "उशी सोडाऽऽ!"

कुणी ओ देईना.

उलट "स्वच्छ उशी स्पर्धा" झाली. पहिलं बक्षीस बगळ्याला. त्याची होडी बुडाली होती, पण उशी त्याने डोक्यावर धरून काठापर्यंत आणली होती. टाळ्या काय, शिट्ट्या काय! परीक्षक सुगरणकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

रेडेबुवा इरेला पेटले. पुढच्या वर्षी बक्षीस आपलंच! लगेच ते सरावाला निघाले. आणि नेमकं तेव्हाच नदीला वरून पाणी आलं.

परतताना लाँच प्रवाहात आडवी झाली आणि तशीच आडवी धक्क्याकडे सरकू लागली. उशा आत. खिडक्या बंद. मध्ये होडकं. होडक्यात चार अंडी.

एरवी लाँच येताना टिटवी होडकं बाजूला घ्यायची. आजही तिने धक्क्याला बांधलेला दोर सोडायला चोच मारली. गाठ भिजून घट्ट झाली होती.

"बुवा, उशी सोडा! होडकं चिरडेल!"

लाँच दहा हात.

"बुवा, माझी अंडी!"

"टिटवीताईंचा गजर झाला वाटतं," काठावरून माकड म्हणालं. "घड्याळं लावून घ्या रे!"

"रोजचंच आहे ते," बगळा म्हणाला. तो बक्षीस पुसत होता.

लाँच पाच हात. टिटवी फडफडली, उडाली, होडक्यात उतरली, पुन्हा उडाली. लाँच तीन हात. आता काय ओरडायचं? जे ओरडायचं ते सगळं ओरडून झालं होतं! आणि मग तिच्या तोंडून काय निघालं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"बुवाऽऽ! मोर मळला! आत तेल सांडलंय! पिसारा काळा होतोय!"

तेल सांडलं होतं का? बालमित्रांनो, टिटवीने पाहिलं नव्हतं.

लाँचच्या सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या हाकेला ओ दिली.

"अगं बाई गं! बाहेर सोडतो, बाहेर सोडतो, सगळ्या उशा बाहेर सोडतो!"

तात्पर्य: जीव धोक्यात असेल तेव्हा जिवाचं नाव काढू नये. अभ्र्याचं काढावं.