शमुवेल मास्तर आणि बाप्तिस्म्याचा अर्थ

शमुवेल मास्तर भर उपासनेत चर्चमधून उठून बाहेर पडत, आणि तेसुद्धा फक्त कुणाचा बाप्तिस्मा असला की. पाळकांनी वाटीतलं पाणी बाळाच्या कपाळावर शिंपडलं, की हे छत्री उचलून चालते होत. फाटकाशी जो कोणी भेटेल त्याला धरून सांगत, "पावणं, बाप्तिस्मा हा शब्द ग्रीक हाय. अर्थ बुडवणं. शिंपडणं न्हवं!"

ते आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले, आणि राहायलाही माझ्या शेजारी. त्यामुळे हा अर्थ मी किती वेळा ऐकला त्याला गणती नाही. गलबत बुडालं तरी ग्रीक लोक हाच शब्द वापरत म्हणे.

"मग मराठी बायबलात सरळ बुडवणं का नाही लिहिलं?" मी एकदा विचारलं.

मास्तर खूश झाले. "भाषांतरवाल्यांचं भांडण लागलं की, बाई! कुणी म्हणं बुडवा, कुणी म्हणं शिंपडा. शेवटी पोतं न सोडताच ग्रीक शब्द हाय तसाच मराठीत उतरवला."

एकदा माझं विटलेलं पातळ रंगवायचं होतं. मास्तर सोबत आले. रंगाऱ्याने पातळ उकळत्या रंगात दाबलं मात्र, हे ओरडले, "ह्यो बघा बाप्तिस्मा!"

रंगारी दचकला. "म्या काय केलं, मास्तर?"

मग त्याला अर्धा तास ग्रीक. तोवर माझं गुलाबी व्हायचं पातळ पार जांभळं झालं.

मी चिडले खरी. पण बायको गेल्यापासून त्यांच्या घरात ऐकून घ्यायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून मीच ऐकत असे.

मग मास्तरांना नात झाली. त्यांची मुलगी मार्था गारगोटीहून बाळाला घेऊन आली आणि हटून बसली. "आप्पा उठून जाणार असतील तर बाप्तिस्माच नको."

पाळक बिचारे कंटाळून म्हणाले, "बरं मास्तर, हिला बुडवू."

मास्तरांनी घरचं तांब्याचं घंगाळ चिंचेनं लखलखीत घासलं आणि हातगाडीवर घालून मिरवत चर्चमध्ये नेलं. वाटेत भेटेल त्याला आमंत्रण. मीही गेले.

पाळकांनी बाह्या वर केल्या. मास्तर नातीला छातीशी धरून पुढे आले. पोरगी शिंकली. मास्तरांनी पाण्यात कोपर घालून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"शिंपडा," मास्तर म्हणाले.

"अहो, आणि तुमचा अर्थ?"

"अर्थ त्योच हाय, पाळकसाहेब. पर शब्द दोन हजार वर्सांचा हाय, त्येला सर्दी हुईत न्हाय. ही चाळीस दिसांची हाय."

पाळकांनी हसू दाबत तीन थेंब शिंपडले. मास्तर जागचे हलले नाहीत. धोतराच्या सोग्याने त्यांनी ते तिन्ही थेंबसुद्धा लगेच टिपून घेतले.