रिलीव्हर आल्याशिवाय

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सबनीसकाका निघताना कधी 'येतो' म्हणत नाहीत. 'चार्ज घ्या' म्हणतात, आणि समोरच्याने 'घेतला' म्हटल्याशिवाय जागचे हलत नाहीत.

काकांची सगळी नोकरी बडोद्याबाहेरच्या एका केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट करण्यात गेली. तिथला नियम असा, की आपली पाळी संपली तरी पुढचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. काका रिटायर झाले, नियम झाला नाही. एकदा आई त्यांना म्हणाली, "जरा दुधाकडे बघता का, मी आलेच," आणि भाजी घ्यायला खाली उतरली. तिथे तिला मावशीचा फोन आला. ती परत आली तेव्हा दूध तापून, त्यावर साय धरून, गार झालं होतं आणि काका ओट्याशी हात मागे बांधून उभे होते.

"दूध नॉर्मल आहे," ते म्हणाले. "चार्ज घ्या."

त्यांच्या दिवसाचेही तीनच भाग. फर्स्ट, सेकंड आणि नाइट. एका शिफ्टला एक काम. 'एका हाताला एकच व्हॉल्व्ह' हे त्यांचं आवडतं वाक्य. टीव्ही बघत मटार सोलणं हा त्यांच्या मते अपघात आहे, फक्त अजून घडलेला नाही. सुमनकाकू मटार सोलतात, टीव्ही बघतात आणि त्याच वेळी सावली गावच्या बहिणीशी फोनवर बोलतात. काका तेव्हा दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात.

मी सीएच्या फायनलला बसतेय हे कळल्यावर काकांनी माझं टेबल तपासलं. पुस्तकाशेजारी मोबाइल दिसला. त्यांनी तो उचलला आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात ठेवला. "शिफ्ट संपली की मिळेल." मला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून ही पद्धत सुरू झाली आणि तशीच राहिली. अभ्यास व्हायला लागला हे मान्य करायला हवं. फक्त संध्याकाळी चार्जिंगच्या भोकातून टाचणीने तांदळाची कणी काढावी लागायची.

घरात आवाज असला की मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत अभ्यासाला बसते. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात मराठी, लिफ्टमध्ये गुजराती, आणि गच्चीवर काहीच बोलावं लागत नाही. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी तिथे बूट वाजले. मी टाकीआडून पाहिलं. काका. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, दोन पावलं पुढे टाकली, एक मागे, आणि टाळी वाजवली. चेहरा असा, की जणू समोर प्रेशर वाढतंय. मग ते टाकीभोवती फिरत निघाले आणि साहजिकच माझ्यापर्यंत पोचले.

त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"मानसी," ते शेवटी म्हणाले, "हे लॉगबुकात लिहायचं नाही."

"गरबा आहे?" मी विचारलं. खात्री नव्हती.

"टार्गेट आहे," काका म्हणाले. "नवरात्र."

बाकीचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत काकूंचा गरबा प्रसिद्ध. मराठी बाई असून हंसाबेनच्या बरोबरीने खेळायच्या, आणि हंसाबेन म्हणजे आमच्या गरब्याच्या सर्वेसर्वा. काका मात्र दर नवरात्रात सेकंड शिफ्टला. ते घरी यायचे तेव्हा गरबा संपून खाली खुर्च्या गोळा होत असायच्या. आता ते मोकळे झाले, तर काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चाला, पण गरबा विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकूंनी ते हसून घेतलं आणि जाहीर केलं, की यंदा नऊ दिवस मी सावलीला बहिणीकडे. इथे वर बसून ढोल ऐकणं मला जमायचं नाही.

"तिने जायला नको," काका मला म्हणाले. एवढंच. मग पुन्हा टाळी.

ते रोज यायचे. घाई नाही. प्लांट सुरू करताना घाई केली की सगळंच बंद पडतं, म्हणे. आधी फक्त पावलं, ती बसल्यावर हात, मग बे ताळी, म्हणजे दोन टाळ्यांचा गरबा, मग तीन टाळ्यांची त्रण ताळी. ती हिंच नावाची अवघड चाल त्यांनी पावसाळाभर घोटली, छत्री घेऊन. खाली काकू आईला सांगायच्या, "रोज तासभर त्या टाकीपाशी असतात. तिचं बाळंतपण आहे की काय?" मी चहाच्या कपात बघत बसायचे.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी काकूंची बॅग दाराशी भरलेली होती. संध्याकाळी भाचा गाडी घेऊन येणार होता. काकांनी इस्त्रीचा झब्बा घातला, 'पाणी बघायचंय' म्हणून निघाले आणि गच्चीऐवजी खाली उतरले. आरती झाली, ढोल सुरू झाला, काका वर्तुळात शिरले. मी कडेला होते. नेहमीच कडेला असते.

पावलं अचूक होती. टाळी अचूक होती. फक्त काका सगळ्यांच्या उलट दिशेने फिरत होते. अख्खी सोसायटी त्यांच्या अंगावर चालून येत होती आणि ते एकेकाला नमस्कार करत, ताल न चुकवता, वाट काढत होते. टाकीभोवती ते कायम घड्याळाच्या दिशेने फिरले होते. व्हॉल्व्ह बंद करायची दिशा. हाताला, पायाला तीच सवय. इतके महिने बघूनही मला ते कळलं नव्हतं, कारण मी कधी खेळलेच नव्हते.

"सबनीसभाई, ऊंधा फरो छो!" हंसाबेन ओरडल्या. काका थांबले. एकदम म्हातारे दिसले. ते वर्तुळाबाहेर पडणार, एवढ्यात वरच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला. थांबेचना. मग खिडकी रिकामी झाली आणि बऱ्याच वेळाने काकू लिफ्टमधून काठी टेकत आल्या. मी खुर्ची पुढे केली.

काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून.

"चार्ज घ्यायला आलोय," ते म्हणाले.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. हसू हळूहळू गेलं. मग त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "डावा हात मधल्या मंडपाकडे ठेवून फिरायचं," त्या म्हणाल्या. "हंसाबेन हात लांब फेकते, जरा जपून. ढोल वाढला की पावलं लहान करा. बाकी सगळं नॉर्मल."

"घेतला," काका म्हणाले, आणि गेले.

या वेळी दिशा बरोबर होती. भाचा आला तेव्हा काकूंनी त्यालाही खुर्ची घ्यायला सांगितलं. बॅगेचं नाव कुणी काढलं नाही. जरा वेळाने काकू माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "यांना कधी सांगितलं नाही मी, पण खेळताना मी शेजारी एका माणसाची जागा सोडायचे. एखाद दिवशी हे लवकर सुटले तर यांना शिरता यावं म्हणून. हंसाबेन दर वर्षी ओरडायची."

तेवढ्यात हंसाबेन ओरडल्याच, जागा सोडू नका, जवळ सरका म्हणून. "सबनीसभाई, जग्या ना राखो! भेगा थाव!"

मी पाहिलं. काका पुढच्या माणसापासून हातभर लांब खेळत होते. सगळं वर्तुळ घट्ट होतं, त्यांच्या शेजारी तेवढी एका माणसाची जागा रिकामी. हंसाबेन पुन्हा ओरडल्या. काकांनी मान हलवली, टाळी वाजवली आणि जागा तशीच ठेवली.

काकूंनी खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.