काळ्या टी-शर्टावरचं घुबड

ब्लीचच्या बाटलीचं झाकण काही केल्या निघेना. दंतवैद्याच्या बायकोनं दात-ओठ खाऊन ते पिळलं, तशी बाटलीतून एक चिळकांडी उडाली ती थेट बाथरूमच्या खुंटीवर वाळणाऱ्या काळ्या टी-शर्टाच्या छातीवर. बघता बघता तिथे तांबूस डाग उमटले.

ती मटकन स्टुलावर बसली. दुसरा कुठलाही कपडा असता तर तिनं त्याचं फडकं केलं असतं. पण हा नवऱ्याच्या लाडक्या मेटल बँडचा टी-शर्ट होता. बँडचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तुम्ही ते ऐकलेलं नसणार, आणि ऐकलेलं असतं तर दंतवैद्यानं तो बँड केव्हाच टाकून दिला असता. हा टी-शर्ट तो स्वतः गार पाण्यात, उलटा करून, सावकाश चुबकून धुवायचा. पोटच्या पोराचा लंगोट त्यानं आयुष्यात धुतला नव्हता.

छातीवर पांढऱ्या रंगात बँडचं नाव होतं. ते कुणालाही वाचता येत नसे. मुळासकट उपटलेल्या झुडपासारखा नुसता गुंता. वाचता येत नाही हाच त्या नावाचा मोठेपणा, असं दंतवैद्य सांगायचा.

बायको घरून केकच्या ऑर्डरी घ्यायची. क्रीमची नक्षी काढून तिचा हात बसलेला होता. तिनं कापडावर चालणारा पांढरा रंग आणला आणि डागांवरून आणखी चार मुळं इकडे, चार तिकडे ओढली. मधला मोठा डाग मात्र झाकेना. मग तिनं त्याला दोन डोळे काढले, चोच काढली आणि त्याचं घुबड करून टाकलं.

नवऱ्याला पत्ताही लागला नाही. गाण्याच्या गदारोळात ड्रमरची कुठली झांज तडकलीय हे ओळखणारा माणूस रविवारी तोच टी-शर्ट घालून शीळ घालत बाहेर पडला.

रविवारी त्याचं त्रिकूट टाइलवाल्या मित्राच्या बंद शोरूममध्ये जमायचं. तिथे खुर्च्या नव्हत्या, म्हणून तिघं विक्रीला मांडलेल्या कमोडांवर बसून अल्बमांवर चर्चा करत. तिघांतला मुख्य म्हणजे आचार्य. नोकरीला पाणीपुरवठा खात्यात, पण बाकीच्यांनी त्याला ही पदवी दिली होती, आणि त्यानं ती नाकारली नव्हती. रस्त्यात कुणी बँडचा टी-शर्ट घातलेला दिसला की आचार्य त्याला अडवायचा. "तीन अल्बमची नावं सांग!" सांगता आली नाहीत तर तो माणूस तोतया. भर उन्हात एका मुलीला त्यानं टी-शर्टावरून स्वेटर घालायला लावला होता.

त्या दिवशी आचार्य एका नव्या अल्बमची सालटी काढत होता. "पहिलं गाणं फक्त अर्ध्या तासाचं! आणि त्यात चाल आहे, चाल! उद्या लोक गुणगुणतील!"

"शी!" टाइलवाला म्हणाला.

एवढ्यात आचार्याची नजर दंतवैद्याच्या छातीवर गेली. "डॉक्टर, हे घुबड कुठलं?"

दंतवैद्यानं मान खाली घातली. वरून त्याला घुबड उलटं दिसलं, पण दिसलं. स्वतःच्या टी-शर्टावर काय आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला या कमोडांवर जागा नव्हती.

"घुबडवाला आहे हा," तो म्हणाला.

"घुबडवाला म्हणजे?"

"म्हणजे... सुरुवातीचा. पहिल्या अल्बमच्याही आधीचा."

आता अडचण आचार्याची झाली. "मला हे माहीत नाही" हे वाक्य त्यानं शाळा सुटल्यापासून उच्चारलं नव्हतं.

"हां, घुबडवाला!" तो म्हणाला. "मला वाटलंच. पहिल्या ड्रमरची खूण ती. तो भांडून गेला, मग घुबडही गेलं."

"अरे बापरे," टाइलवाला म्हणाला. "मी तर ऐकलंच नव्हतं."

"तू कसा ऐकशील?"

मग बँडचं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग लावलं. आवाज असा, की कुणीतरी जिन्यावरून कपाट ढकलतंय. तिघांनी डोळे मिटले. "ते बघ!" आचार्य किंचाळला. "मागे! घुबड!" टाइलवाल्याला ते लगेच ऐकू आलं. दंतवैद्यालाही आलं, आणि गंमत म्हणजे खरोखरच आलं.

आचार्यानं टी-शर्टाचा फोटो इंटरनेटवरच्या चाहत्यांमध्ये टाकला. कुणी लिहिलं, हा टी-शर्ट फक्त बँडच्या सामानाची ने-आण करणाऱ्यांना मिळायचा. दुसऱ्यानं लिहिलं, आपल्याकडेही होता, पण घटस्फोटात गेला. चार दिवसांत दंतवैद्य स्वतःची थाप साफ विसरला. टी-शर्ट काचेच्या चौकटीत बसून दिवाणखान्यात आला. तिथला लग्नाचा फोटो कपाटामागे गेला.

बायको हे सगळं बघत होती. बोलावं तर डाग कबूल करावा लागणार, म्हणून ती गप्प राहिली. पण पुढच्या रविवारी आचार्य आणि टाइलवाला घरी आले. आचार्याच्या काखेत बँडच्या चौघांच्या सह्या असलेली रेकॉर्ड होती. तिला तो स्वतःच्या बायकोलाही हात लावू देत नसे.

"ही घे," तो म्हणाला. "आणि घुबड दे."

चहाचे कप ठेवता ठेवता तिला राहवलं नाही. "भावोजी, नका देऊ हो. ते घुबड मी काढलंय."

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"ब्लीच उडालं होतं. डाग झाकायला काढलं."

आचार्य हसला. ज्यांना काही कळत नाही अशांसाठी त्यानं हे हसू राखून ठेवलं होतं. "वहिनी, असं घुबड ठरवून काढता येत नाही. त्याला आत अंधार लागतो."

"अगं, तू कशाला यात पडतेस?" नवरा म्हणाला. "तुला केक कळतात."

झालं. तिनं कप जागच्या जागी सोडले आणि आतून रंग-ब्रश आणला. "काढा तो अंगातला काळा टी-शर्ट!" ती टाइलवाल्याला म्हणाली. तो बिचारा बनियनवर बसला. तिनं टी-शर्ट टेबलावर पसरला आणि चहा निवायच्या आत मुळं, डोळे, चोच, सगळं काढून दाखवलं. या खेपेला डाग झाकायचा नव्हता, त्यामुळे घुबड ऐटबाज झालं. पिसंसुद्धा आली.

दंतवैद्याचा चेहरा पांढरा पडला. थाप त्याला आता आठवली. टाइलवाला एकदा काचेकडे आणि एकदा टेबलाकडे बघत राहिला. आचार्य उठला. त्यानं दोन्ही घुबडांसमोर बराच वेळ उभं राहून पाहिलं. रेकॉर्ड काखेत घट्ट होती.

"वहिनी," अखेर तो हळू आवाजात म्हणाला, "हे तुम्हीच काढलंय. दोन्ही. मान्य."

दंतवैद्यानं डोळे मिटून घेतले.

"पण पहिल्यात भीती होती. घाई होती. ते खरं होतं. दुसऱ्यात नुसती सफाई." त्यानं सुस्कारा सोडला. "लोकांना आवडावं म्हणून काढलंय हे. तुम्ही विकल्या गेलात."

"हो, मलापण तेच वाटलं," टाइलवाला बनियनमधून म्हणाला.

आचार्यानं रेकॉर्ड टेबलावर ठेवली, भिंतीवरची चौकट काढून छातीशी धरली आणि दाराकडे निघाला.

बायकोनं ब्रश आपटला. कान लाल झालेले, आवाज चढलेला.

"पहिलं काय घेऊन बसलात, भावोजी! पहिलं कुणालाही आवडतं! दुसरं समजायला अक्कल लागते!"