जावयाची मुदी सासऱ्याच्या बोटात

साखरपुड्याच्या सकाळी शिवदासांनी जावयाची अंगठी स्वतःच्या बोटात घालून बघितली. तसं काही कारण नव्हतं. डबी कपाटात होती, बाहेर बायकांची धांदल चालली होती आणि खोलीत ते आणि आरसा असे दोघेच होते. अंगठी पेऱ्यावर अडली. तिथे थांबता आलं असतं. शिवदासांनी ती जोर लावून आत ढकलली, तो हात उरलेल्या केसांवरून फिरवला आणि आरशातल्या माणसाकडे बघून समाधानाने मान डोलावली. मग अंगठी काढायला गेले.

होणारा जावई परेश पेडण्याचा, अंगाने अगदी काडी. त्याच्या मापाची मुदी शिवदासांच्या बोटावरून हलेना. त्यांनी ती ओढली, पिळली, दातांत धरली. न्हाणीघरात जाऊन साबण लावला, खोबरेल ओतलं. जितकं ओढावं तितकं बोट फुगत गेलं. आधी लाल झालं, मग जांभळट दिसू लागलं.

"इतको वेळ काय करतात तुमी भितर?" बाहेरून सत्यवतीने विचारलं.

"हात धुतंय."

"साबांव सरलो असतलो एव्हाना. दार उगडा."

तिने नवऱ्याचं बोट बघितलं. मग एक पाय उंबऱ्याला लावून तिने स्वतः ओढून बघितलं. शिवदास पुढे आले, अंगठी आली नाही.

"घालूक कोणी सांगलेला?"

"बघत होतंय, कशी दिसता ती."

"लगीन तुमचा आसा?"

शेवटी नवरी मुलगीच उठली. दोन्ही हातांवर मेंदी, केसांत अबोली, अशी सेजल बापाला स्कूटरच्या मागे बसवून मयेहून डिचोलीला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर प्रिया फोंड्याकडच्या, वयाने सेजलएवढ्याच. त्यांनी बोट बघितलं आणि खणातून अंगठी कापायची छोटी करवत काढली. शिवदासांनी हात पाठीमागे नेला.

"कापूक देवचंय नाय. साखरपुड्यादिवशी जावयाची मुदी कापली तर पेडण्याची माणसां काय म्हणतली?"

"आणि बोट गेलं तर?"

"बोट माझा आसा. मुदी दुसऱ्याची."

डॉक्टरांनी त्यांचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख हळूहळू गुलाबी झालं. "थोडा वेळ आहे," त्या म्हणाल्या. "काका, बोटात रक्त आणणाऱ्या नळ्या खोल असतात, जाड असतात, मागून हृदयाचा जोर असतो. परत नेणाऱ्या पातळ आणि वरवर. मुदीने आधी त्याच दाबल्यात. म्हणजे रक्त आत येतंय, पण परत जायला वाट नाही."

शिवदासांना हे एकदम पटलं. "चवथीचे पावणे."

"म्हणजे?"

"येतत. जायनत."

"बाबा, तू ओगी रव," सेजल म्हणाली.

उपाय ठरला. हात डोक्याच्या वर धरायचा, म्हणजे साचलेलं रक्त उतरेल. बर्फ लावायचा. सूज कमी झाली की मुदीखालून दोऱ्याचं टोक सरकवायचं, पुढे पेऱ्याच्या पलीकडपर्यंत दोरा घट्ट गुंडाळायचा आणि मागच्या टोकाने सोडत आणायचा, की मुदी पुढे सरकते. "बोट बधिर झालं किंवा काळंनिळं पडलं तर तडक इथे या. मग मी विचारत बसणार नाही, कापणार."

सेजल बर्फ आणायला दुकानात शिरली. शिवदास रस्त्याच्या कडेला हात वर करून उभे राहिले. लगेच बस थांबली.

"काका, खंय जावचा?" कंडक्टरने विचारलं.

"खंय नाय."

"मग हात कित्याक वर?"

"रक्त उतरता."

कंडक्टरने घंटा मारली. शिवदासांनी रस्त्याकडे पाठ केली, तर उलट दिशेने येणारी बस थांबली.

घरी पोचले तर पेडण्याची मंडळी लवकर येऊन मांडवात बसलेली. यजमान हात उंच धरून आत आलेले बघताच सगळ्यांनी हात वर करून नमस्कार केला. परेशच्या मामांनी तर, शिवदासांचा हात खाली येईना म्हणून, आपलाही वरच ठेवला.

"मुलाची अंगठी आणा," भटजी म्हणाले. "मुहूर्त जवळ आला."

सत्यवतीने नवऱ्याकडे बघितलं. शिवदासांनी छताकडे बघितलं.

"मुदी बाबाच्या बोटात अडकल्या. दोऱ्यान काढूची आसा," सेजलने सांगून टाकलं.

सगळ्यांच्या नजरा त्या वर धरलेल्या हाताकडे गेल्या. शिवदासांना वाटलं, बोट कापून डबीत ठेवलं असतं तर बरं झालं असतं. परेश पाटावरून उठला, त्यांच्यासमोर येऊन बसला आणि त्याने तो थंडगार हात आपल्या मांडीवर घेतला.

"दोरो हाडा," तो म्हणाला.

सत्यवतीने शिवणाच्या मशीनवरचं रीळ आणलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सेजल सांगत गेली, परेश गुंडाळत गेला, आणि मामांनी सवय झालीच होती म्हणून शिवदासांचं कोपर उचलून धरलं. भटजींना पुढे साखळी गावात दुसरं कार्य होतं. ते थोडा वेळ थांबले, घड्याळ बघितलं आणि सरळ मंत्र सुरू केले.

परेशने दोरा सोडायला घेतला. अंगठी पेऱ्यावर चढली. शिवदासांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मंत्रात मिसळून गेला. अंगठी परेशच्या तळहातावर पडली आणि नेमक्या त्याच क्षणी भटजींनी अक्षता टाकल्या. ते बघून सगळ्या मांडवाने टाकल्या. फोटोग्राफर तुषारने एकही क्षण सोडला नाही.

नंतर अंगठी धुऊन सेजलने ती परेशला घातली. तोवर भटजी मोटरसायकलला किक मारत होते.

आता अल्बममध्ये पहिलाच मोठा फोटो आहे. परेशने शिवदासांचा हात हातात धरलाय, दोघांच्या डोक्यावर अक्षता आहेत, शिवदासांचे डोळे भरून आलेत. सेजल कोपऱ्यात, रीळ धरून. बघणारे चक्रावतात. सत्यवती मात्र शांतपणे पान उलटते आणि सांगते, "मुहूर्तार ह्या दोघांचो साखरपुडो झालो. सेजलचो मागसून."