अजान झाली की वीज जाते

वजदीला वायरिंगमधलं सगळं कळतं, हे मादबा गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण वजदीनेच ते सगळ्यांना सांगितलं होतं. त्यात त्या हिवाळ्यात वायरिंगचे नियम बदलले. ज्याला परवाना टिकवायचा त्याने अम्मानला जाऊन दोन दिवस वर्गात बसायचं होतं. वजदी गेला, पहिल्या रांगेत बसला, आणि परत आला तो असा, की जणू नियम त्यालाच विचारून बदलले होते.

"आता जुनं काही चालायचं नाही," तो भट्टीवर रोटीसाठी थांबलेल्या लोकांना सांगू लागला. "विजेने जरा वाट सोडली, कुठे गळायला लागली, की पापणी लवायच्या आत मेन बंद. अशी पेटी आता घरोघरी बसणार."

"आपल्या घरी कधी बसणार?" बायकोने, रुदैनाने विचारलं.

"आपल्या घरी मी आहे ना."

पेटीचा पहिला मान मिळाला सासुरवाडीला. धाकट्या मेहुणीला, लमीसला मागणी घालायला शुक्रवारी मुलाकडची वडीलधारी मंडळी येणार होती. घर झाडूनपुसून चकचकीत झालं होतं, तेव्हा बोर्डही नव्या नियमाचा असावा, असं वजदीचं म्हणणं पडलं.

"घरातलं सगळं चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?" सासूबाई, उम्म गालिब म्हणाल्या.

"मावशी, चालतंय ते नशिबाने. आता नियमाने चालेल."

बुधवारी त्याने पेटी बसवली, तिच्यावरून फडकं फिरवलं आणि चहा पिऊन छाती पुढे काढत घरी गेला. संध्याकाळ व्हायच्या आतच फोन आला. वीज गेली होती. वजदीने येऊन पेटीचा खटका वर केला, वीज आली. तो जिना उतरतोय तोवर मगरिबची, दिवेलागणीची अजान झाली, आणि थोड्या वेळाने घर पुन्हा अंधारात. रात्रीच्या अजाननंतर तेच, पहाटेच्या अजाननंतरही तेच.

"वजदी, बाळा," सासूबाईंनी सकाळी फोनवर विचारलं, "तुझ्या पेटीला नमाजाचं वावडं आहे का रे? अजान झाली की मान टाकते."

वजदीने फ्रिज काढून पाहिला. टीव्ही काढून पाहिला. गालिबची, म्हणजे मोठ्या मेहुण्याची इस्त्री जप्त केली. एक पेटी उतरवून त्याच जातीची दुसरी चढवली. दुपारची अजान झाली आणि दुसरीनेही मान टाकली. मग मात्र वजदीच्या डोक्यात प्रकाश पडला. घरात दोष नाही, म्हणजे दोष बाहेर. आणि बाहेर अजानच्या वेळी काय सुरू होतं? भोंगा.

तो तडक मशिदीत गेला. अजान देणारे शेख मुतलक अंगणात उन्हाला बसून संत्रं सोलत होते.

"शेख, तुमच्या भोंग्याबद्दल जरा बोलायचं होतं."

"आवाज कमी करू?"

"आवाजाचं काही नाही. तो आमच्या सासुरवाडीची वीज ओढतो."

शेखांनी फोडीवरचा पांढरा दोरा शांतपणे काढला. "मुला, इतकी वर्षं मी त्या भोंग्यातून माणसं ओढून आणायची खटपट करतोय. ती येत नाहीत. वीज येत असेल तर माझी काही हरकत नाही."

ही गोष्ट वजदीच्या आधी त्याच्या सासुरवाडीला पोचली. शुक्रवारी दुपारी तो गेला तेव्हा गालिब दारातच उभा.

"मशिदीशी भांडून आलास म्हणे. आज तेच शेख मुलाकडून येणार आहेत, ठाऊक आहे ना? काढ ती पेटी."

"गालिबभाई, कायदा आहे."

"कायदा माझ्या बहिणीला मागणी घालायला येणार आहे का? मुलाकडून बोलायला हाजी अबू नायेफसारखा माणूस घरात बसलेला असणार. ऐन बोलण्यात हीटर बंद पडले, दिवे गेले, तर ते म्हणतील, मुलगी द्यायची नव्हती म्हणून आम्हाला थंडीत बसवलं."

"काढ रे बाळा," आतून सासूबाई म्हणाल्या. "नंतर लाव हवी तर. लमीसचं एवढं होऊन जाऊ दे."

वजदीचं मन मोडलं. खरं सांगायचं तर त्याचाही पेटीवरचा विश्वास उडाला होता. कारखान्यातूनच खराब आली असणार, दोन्ही. त्याने स्टूल ओढलं, पेटी वगळून थेट जोडणी करायला तारेचा तुकडा कापून खिशात टाकला, आणि स्क्रू-ड्रायव्हर लावणार एवढ्यात गल्लीत गाड्यांचे भोंगे वाजले. पाहुणे आले. स्टूल पडद्यामागे गेलं आणि वजदी हात पुसत स्वागताला धावला.

वडीलधारी मंडळी भिंतीकडेने बसली. मधोमध हाजी अबू नायेफ, खांद्यावर तपकिरी झगा, शेजारी शेख मुतलक. हाजींच्या पुढ्यात कॉफीचा पेला ठेवला गेला. रीत अशी, की मागणी मान्य होईपर्यंत पाहुण्यांनी त्याला तोंड लावायचं नाही. हाजींनी घसा साफ केला, आणि तेवढ्यात बाहेर अजान सुरू झाली. आज शेखांच्या जागी दुसराच कुणी देत होता.

गालिबने वजदीकडे पाहिलं. वजदीने छताकडे पाहिलं. अजान चालू होती, दिवेही चालू होते. अजान संपली. दिवे तसेच. वजदीने शेखांकडे पाहून 'मी म्हटलंच होतं' अशा अर्थाची मान हलवली, जरी त्याने नेमकं उलटं म्हटलं होतं.

"मी हातपाय धुऊन, वुजू करून येतो," हाजी उठत म्हणाले. "नमाज झाली की बोलू."

गालिब त्यांना न्हाणीघरापर्यंत सोडून आला. आतून पाणी पडल्याचा आवाज झाला. मग एक आरोळी, पाठोपाठ बादली उलटल्याचा खणखणाट, आणि त्याच क्षणी दिवे गेले, हीटरच्या लाल कांड्या काळ्या पडल्या.

मुलाकडचे सगळे एकदम उभे राहिले. "आमच्या म्हाताऱ्याला काय केलंत?" कुणीतरी विचारलं.

हाजी भिंत धरत बाहेर आले. डोक्यावरचा रुमाल कानावर सरकलेला, बाह्या भिजलेल्या, उजवा हात डाव्यात घट्ट धरलेला.

"नळ चावला," ते म्हणाले.

बायकांच्या खोलीच्या दारामागून सासूबाईंचा आवाज आला, "गरम पाण्याचा ना? तो मला हिवाळाभर चावतोय. मला वाटलं, माझ्याच शिरा आखडल्यात."

वजदी न्हाणीघरात गेला. मोबाइलच्या उजेडात त्याने गीझरमागे वाकून पाहिलं. गीझरची अर्थिंगची तार जुन्या पद्धतीप्रमाणे पाण्याच्या पाइपाला गुंडाळलेली होती, अगदी नीट, चांगले वेढे देऊन. पूर्वी सगळे असंच करत, कारण पाइप लोखंडी असत आणि गळलेली वीज त्यांच्यातून जमिनीत जाई. पण उन्हाळ्यात गालिबने न्हाणीघर नवं करून घेतलं होतं. प्लंबरने पांढरा प्लास्टिकचा पाइप टाकला, आणि तार बिचारी जशी होती तशी नव्या पाइपाला गुंडाळून ठेवली. बकरी धुराला बांधावी तशी ती तार बांधलेली होती.

वजदीला अम्मानचा वर्ग आठवला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मास्तर पाइपांबद्दलच काहीतरी सांगत होते. वजदीने कोंबडीभात मनसोक्त खाल्ला होता, आणि पाइप हा काही आपला विषय नाही म्हणून डोळे मिटले होते.

पेटी अजानला पडत नव्हती. अजान झाली की घरातलं कुणीतरी गरम पाण्याने वुजू करत होतं, म्हणून पडत होती. प्रत्येक वेळी ती खरंच बोलत होती, आणि तो फ्रिजशी, इस्त्रीशी, मशिदीशी भांडत होता. त्याचा हात खिशात गेला. तारेचा तुकडा हाताला लागला. पाहुणे थोडे उशिरा आले असते तर... तो उलट्या बादलीवर बसला.

बाहेर आला तेव्हा सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

"हाजी," तो म्हणाला, "गीझरची वीज पाण्यात उतरतेय. पेटी नसती तर तुम्ही त्या नळाला चिकटून राहिला असता. आणि ती पेटी मी आज काढायला निघालो होतो. मला वाटलं, तीच बिघडलीय."

"मी सांगितलं होतं काढायला," गालिब हळूच म्हणाला.

"मीही," दारामागून सासूबाई म्हणाल्या.

हाजींनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "गीझर तोड, आणि दिवे लाव."

वजदीने गीझरच्या तारा सोडवल्या, खटका वर केला. हीटर पुन्हा लाल झाले. मंडळींनी थंड पाण्याने कुडकुडत वुजू केली, नमाज झाली, सगळे पुन्हा जागेवर बसले. हाजींनी घसा साफ केला.

"वजदी," ते म्हणाले, "माझ्या घरी ती तार कशाला बांधलेली असेल?"

"बघावं लागेल, हाजी."

"आमच्याकडे मागच्या वर्षी प्लास्टिकचाच पाइप टाकलाय," शेजारचा एकजण म्हणाला.

"आणि मशिदीत?" शेख मुतलक म्हणाले. "तिथे तर रोज गावभरची माणसं नळाला हात लावतात."

मग वजदीला कोण आवरणार. तो गालिच्यावर पुढे सरकला, खजुराचं ताट ओढून घेतलं आणि समजावू लागला. हा खजूर मेन स्विच, हा गीझर, ही बी म्हणजे जमिनीत पुरायची सळई. सळई किती खोल, माती कोरडी असेल तर काय, तार किती जाड. हाजी कानामागे हात धरून ऐकत होते, मागचे उठून पुढे येऊन बसले होते. पेल्यातली कॉफी गार होऊन गेली. गालिब खोकला. मुलीचे काका खोकले. नवरा मुलगा कोपऱ्यात टायशी चाळा करत बसला होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी बायकांच्या खोलीचं दार बोटभर उघडलं.

"भाऊजी," लमीसचा आवाज आला, "सळई नंतर पुरा. आधी त्यांना मला मागू तर द्या."

वजदीने हातातला मेन स्विच तोंडात टाकला आणि मागे जाऊन बसला.