मोहितेकाकांची एकहाती पहार

आमचे मोहितेकाका पहार एका हातानं चालवायचे. खऱ्या आयुष्यात नव्हे. खऱ्या आयुष्यात त्यांना लोणच्याच्या बरणीचं झाकण दोन्ही हातांनीसुद्धा उघडता येत नसे. पण रविवारी दुपारी, वाशीतल्या माझ्या एका खोलीच्या घरात, ते सहा फुटी योद्धा व्हायचे. मग त्यांना दुसरा हात लावायला सांगितलेलं खपत नसे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून. माझा मित्र इक्बाल पनवेलचा. त्याच्या बोटीवरच्या भावानं परदेशातून एक अजब खेळ आणला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसतं नियमांचं जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. इक्बाल सांगायचा, "समोर गुहा, आत राक्षस." आपण काय करणार ते आपण बोलायचं, जमलं की नाही ते फासा ठरवणार. मी जादूगार होतो.

काका खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. डोक्यावर फासा आपटतो म्हणून ते भांडायला वर आले आणि राक्षस मरेपर्यंत बसले. पुढच्या रविवारी स्वतःची वही घेऊन हजर. योद्ध्याचं नाव रणधीर मोहिते. शस्त्र पहार.

"काका, तलवार घ्या ना," इक्बाल म्हणाला.

"तलवारीतलं मला काय कळतंय? वजनाचं बोल!"

काका कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर होते. कुठलीही गोष्ट दिसली की आधी तिचं वजन सांगायचे. माझ्यासाठी मुलगी बघायला सोबत आले आणि परतताना म्हणाले, "मुलीचा बाप वजनदार माणूस आहे. ब्याऐंशी किलो. चष्मा धरून."

इक्बालनं पुस्तक उघडलं. "जड हत्यार दोन हातांनीच चालतं. नियम आहे."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं पहार उचललीय का कधी?"

"एका हातानं मारलीत तर फाशातून चार वजा."

"कर वजा. दुसरा हात मोकळा पाहिजे."

"कशाला?"

"पिशवी धरायला."

पहारीनंतर मुसळ आलं, मग नांगर, आणि एका रविवारी शिडी.

"शिडी एका हातानं?" मी ओरडलो.

"मधोमध धरायची. तोल असतो तिला."

तोल दाखवायला त्यांनी सोसायटीची शिडी जिन्यातच गरकन फिरवली. एका टोकानं ट्यूबलाइट फुटली, दुसऱ्या टोकानं सेक्रेटरींची बेल वाजली. सेक्रेटरी बनियनवर बाहेर आले.

"काय चाललंय, मोहिते?"

"काही नाही," काका शांतपणे म्हणाले, "फासा कमी पडला."

त्या वर्षी मला टायफॉइड झाला. घरचे गावी. काकांनी कामावर रजा टाकली आणि पेजेचं पातेलं घेऊन माझ्याकडे मुक्कामालाच आले. रविवारी इक्बालही आला. मी झोपलोय असं समजून दोघं माझ्या पायथ्याशी हळू आवाजात खेळायला लागले.

"जादूगाराला आज गावात ठेवू," इक्बाल म्हणाला. "आजारी आहे म्हणू."

"नको रे. मागं ठेवलं की माणूस मागंच राहतो. त्याचा फासा मी टाकतो."

थोड्या वेळानं ड्रॅगननं आग ओकली. "अकराच्या वर पाहिजे," इक्बाल म्हणाला. "नाहीतर जादूगार संपला."

काकांनी फासा टाकला. तो माझ्या पांघरुणावर पडला. मी एक डोळा किलकिला केला. तीन.

अर्ध्या किलोच्या फरकासाठी भरलेला ट्रक परत फिरवणाऱ्या त्या माणसानं एका बोटानं फासा हळूच उलटवला.

"सतरा," काका म्हणाले.

इक्बालनं फाशाकडे पाहिलं. मग काकांच्या तोंडाकडे.

"सतरा," तो म्हणाला, आणि त्यानं वहीत लिहून घेतलं.

काकांनी माझ्या कपाळावरची पट्टी बदलली. मी डोळे मिटलेलेच ठेवले.